बत्तीवाल्यांच्या दुकानातले दोन टँक

"बत्ती बढा दे, हुस्ना."

अब्बांचा तो आवाज हुस्नाच्या कानात अजून जसाच्या तसा आहे. कोरडा, शेवटाला थोडा खाली उतरणारा, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून दमलेला. रात्रीची इशाची अजान झाली की दुकानातून हा आवाज आतल्या अंगणात यायचा आणि परकरातली हुस्ना पळत जाऊन दिवे मालवायची. पण 'मालव' किंवा 'विझव' हा शब्द त्या घरात कुणी तोंडातून काढायचं नाही. दिवा विझत नसतो, बढतो. दुकान बंद होत नसतं, बढतं. आजूबाजूच्या मराठी घरांतही तेच. बांगडी फुटली तरी म्हणायचं वाढली, नारळ फोडला तरी म्हणायचं वाढवला. म्हणून हुस्ना मराठीत बोलताना सरळ "दिवा वाढव" म्हणायची आणि गल्लीतल्या पोरासोरांना कळायचं की दिवा घालवायचा आहे. त्या काळी कळायचं.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत 'जिलानी बत्तीवाले' ही पाटी. कंदिलाच्या काचा, वाती, गॅसबत्तीचे मेंटल, पुढं पुढं बल्ब आणि होल्डर. भूकंपाच्या त्या पहाटेनंतर अब्बांनी दुकानातली एकूण एक गॅसबत्ती किल्लारीच्या वाटेला लागलेल्या ट्रकांत चढवली. एकही परत आली नाही, अब्बांनी विचारलंही नाही. अब्बा गेले. नांदेडला दिलेली हुस्ना, नवरा वारल्यावर, एक ट्रंक घेऊन माघारी आली. अम्मी तर आधीच नव्हती. धाकटा भाऊ मुज्तबा तेव्हा इमारतींच्या वायरिंगची कामं घ्यायला लागला होता, दुकानाला कुलूप होतं. हुस्नानं ते उघडलं. कंदील कुणी घेईना. मग एक दिवस तिनं झुंबराची एक गोल हंडी धुतली, तिच्यात पाणी भरून दोन गोल्डफिश सोडले आणि वर एक चाळीसचा बल्ब लटकवला. संध्याकाळपर्यंत दुकानापुढं सायकली थांबलेल्या. पाटीखाली तिनं दुसरी ओळ रंगवून घेतली : शोभेचे मासे मिळतील.

गल्लीत तिचं कौतुक व्हायचं ते माशांमुळं नव्हे. "आपानं भावाकडं हिस्सा मागितला नाही," म्हणून व्हायचं. बापाच्या मालमत्तेतला आपला वाटा बहिणीनं भावाला माफ करायचा, ही रीत. मागितला तर मिळतो, पण मग ईदेचं बोलावणं येत नाही. हुस्नानं माफ केला नव्हता आणि मागितलाही नव्हता. ती रोज सकाळी शटर वर करायची, बस.

आता लातुरात बारावीच्या पोरांचा पूर आला होता. गल्लीगल्लीत क्लास, घरोघरी मेस, वरच्या मजल्यावर वसतिगृह, खालच्या मजल्यावर अभ्यासिका. ह्या सगळ्यांना दिवे लागायचे आणि ते दिवे मुज्तबा लावायचा. एलईडीचा माल त्याच्या घरात पलंगाखाली, जिन्यात, न्हाणीघराच्या माळ्यावर मावेना. त्याला रस्त्यावरचं एक दुकान हवं होतं. रस्त्यावरचं एक दुकान त्याच्या बापाचं होतं.

एका सकाळी तो बगलेत लांबट खोका घेऊन आला. आतून काढली एक बारीक पट्टी, टँकच्या काठावर अडकवायची, बाजूला उजेड कमीजास्त करायचं बटण.

"आपा, जग कुठं चाललंय आणि तू चाळीसच्या बल्बवर बसलीस."

"जग जाऊ दे. मासे इथंच आहेत."

"बिल बघ विजेचं."

"भरणारी बघते. तू नको बघू."

"बल्बनं पाणी तापतं. रोज तांब्यानं भर घालतेस. पाण्याचा थेंब उडाला की तापलेला बल्ब फट्‌ करून जातो. हा थंड असतो बघ, हात लाव. वर्षानुवर्षं बघायचं काम नाही."

"मला बघायला आवडतं."

मुज्तबा हसला. "बाप बत्तीवाला, भाऊ बत्तीवाला, आणि तूच नव्या बत्तीच्या आड येऊन राहिलीस."

हुस्नाला खोक्यातली पट्टी दिसत होती आणि पट्टीमागचं सगळं दिसत होतं. आज टँकवरचा दिवा, उद्या समोरचं कपाट, परवा पाटीवरची खालची ओळ. म्हणून तिचा नाही हा नाहीच होता. चांगला दिवा असला तरी नाही.

"बरं, पैज लाव," तो म्हणाला. "दोन टँक शेजारी शेजारी. सारखंच पाणी, सारखीच झाडं, एकाच पेटीतले गोल्डफिश निम्मे निम्मे. एकावर तुझा बल्ब, एकावर माझी पट्टी. बारावीचे पेपर संपेपर्यंत. माझा दिवा सरस निघाला तर दुकानाची दर्शनी बाजू माझ्या मालाला. मासे मागच्या खोलीत."

मागच्या खोलीत खिडकी नव्हती. तिथं अब्बा फुटक्या काचा टाकायचे.

"आणि माझा सरस निघाला तर?"

एवढा पुढचा विचार त्यानं केला नव्हता. "तर काय. तुझंच आहे की सगळं."

"हेच चौकात म्हण. चार लोकांत."

मुज्तबाला नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन आला.

"लाव टँक," हुस्ना म्हणाली. "दिव्याला मी भीत नाही."

दोन टँक लागले. बल्बचा टँक म्हणजे वैशाखातली संध्याकाळ. टिनाच्या टोपीखाली वायरला लोंबणारा बल्ब, त्याच्या उजेडात गोल्डफिश खरोखर सोन्याचे दिसायचे, हळदीच्या अंगानं सावकाश फिरायचे. एलईडीचा टँक म्हणजे धुतलेली सकाळ. पान न्‌ पान हिरवं, तळाचा खडा न्‌ खडा वेगळा, माशाच्या शेपटीची रेघ न्‌ रेघ मोजून घ्यावी. पहिले काही दिवस त्यातले मासे उजेडाला बुजून झाडामागं लपले, मग धीट झाले. क्लास सुटला की पोरं पांढऱ्या टँकपुढं मोबाइल धरून उभी राहायची. पिवळ्याचा फोटो नीट यायचा नाही.

मुज्तबाची लेक लायबा बारावीला होती. क्लासमधून येताना ती दुकानात डोकवायची आणि दोन्ही टँक बघून गुण द्यायची. "फुप्पी, आज अब्बू दहापैकी आठ. तुम्ही साडेपाच."

"साडे कशाचे?"

"कलरचे."

"मग ते तुझ्या चहात घाल."

पिवळ्या टँकला एकच पक्कं माणूस होतं. गुणाबाई. शिरूर अनंतपाळकडची शेतकऱ्याघरची म्हातारी. नात ऋतुजा क्लासला घातलेली, तिला रांधून घालायला ही लातुरात एका खोलीत येऊन राहिलेली. नात क्लासला गेली की खोलीत करमत नाही, म्हणून ही हुस्नाच्या दुकानातल्या स्टुलावर. पदर गुडघ्यावर ओढून ती टँककडं बघत बसायची आणि जात्यावर बसल्यासारखं गुणगुणायची :

"काचेच्या गं घरामंदी मासोळी नांदईती
पान्याच्या भिंतीला गं न्हाई कवाड न्हाई कडी"

"कडी नसली म्हणून काय झालं गुणाबाई? घर तर तिचंच आहे."

"तसं म्हन की. मी कुटं न्हाई म्हनलं?"

एकदा मुज्तबानं म्हातारीलाच विचारलं. "मावशी, खरं सांगा, कोणता दिवा चांगला?"

गुणाबाईनं पांढरी पट्टी निरखून बघितली, बोटानं हलवून बघितली. पट्टी काठाला घट्ट.

"ह्यो लई उजेड देतो बाबा. पर ह्यो डोलत न्हाई."

"दिवा कशाला डोलायचा?"

"भूकंपानंतर आमी पत्र्याच्या शेडात ऱ्हायलो न्हवं का. रातच्याला समदे बल्बाकडं बघत पडायचे. जमीन हालल्यालं मान्साला उशिरा कळतंय, लटकत्या बल्बाला आदी कळतंय. बल्ब डोलला की लेकरं उचलायची न्‌ भाईर. तुजा दिवा लई शाना हाय, पर मला काय सांगनार न्हाई त्यो."

 हुस्नानं लगेच भावाला सुनावलं. "लिही गुण. दहापैकी दहा."

असे ते दिवस चालले होते आणि हुस्ना जिंकत नव्हती. लोकांना दिसत नव्हतं, तिला दिसत होतं. पिवळ्या टँकच्या काचेवर तपकिरी शेवाळ धरायचं, पाणी रोज बोटभर उतरायचं, झाडं पिवळी पडून मुळाशी सुटायची. पांढऱ्यातली झाडं फुटव्यावर आली होती. ह्या एवढ्यावर ती हटली नसती. पण एका दुपारी पांढऱ्या टँकमधल्या एका माशाच्या शेपटीवर तिला मिठाच्या कण्यांसारखे ठिपके दिसले. ती वाकली. दुसऱ्याच्या परावरही तेच. पांढऱ्या ठिपक्यांचा हा रोग आधी एका माशाला धरतो, मग आठवड्यात अख्खा टँक रिकामा करतो. एकाच पेटीतले मासे होते, म्हणून तिनं मोबाइलची बॅटरी पिवळ्या टँकवर धरली. तिथंही ठिपके होते. तिथं ते आधीपासून असणार, बल्बच्या हळदीत तिला दिसले नव्हते.

मागे एकदा तिचा एक टँक असाच गेला होता आणि तिला कारण कळलं नव्हतं. आता कळलं.

तिनं दुखणाईत मासे वेगळ्या डब्यात काढले, पाण्यात मीठ घातलं, निळं औषध घातलं. हा रोग उबेला लवकर हटतो, म्हणून तो डबा तिनं बल्बखालीच ठेवला. रोग एकानं दाखवला आणि दुसऱ्यानं बरा केला. मासे वाचले. संध्याकाळी मुज्तबा आला, दोन्ही टँक न्याहाळले, म्हणाला, "काय म्हणतो माझा दिवा?"

"गप आहे," हुस्ना म्हणाली. "मालकासारखा बडबडत नाही."

तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला 'माझा दिवा सरस' एवढंच ऐकू गेलं असतं आणि लगेच मागच्या खोलीतल्या काचा कुणी उचलायच्या ते ठरलं असतं. तिनं ते पोटातच ठेवलं. दिव्याबद्दलचं एक खरं आणि त्याच्याही खाली, कित्येक वर्षं गिळून ठेवलेलं दुसरं.

पेपर संपत आले तेव्हा नवे मासे आणायला ती नांदेडला गेली. हैदराबादच्या गाडीनं पेट्या यायच्या, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत रंगीत जीव. त्या दिवशी गाडी मुदखेडलाच अडकून पडली. आता देगलूर नाक्यावर नणंदेकडं मुक्काम करावा लागणार. तिनं स्टेशनातूनच फोन लावला. दुकानात लायबा होती, तिचा शेवटचा पेपर झाला होता.

"लायबा, मी आज येत नाही. पहाटेच्या एसटीनं येते. तू असं कर बेटा, टँकवरचे दिवे वाढव, मग दुकान वाढव आणि घरी जा."

"वाढवू?"

"हां, वाढव. विसरू नको."

लायबानं पुढं काहीतरी विचारलं, पण फलाटावर घोषणा सुरू झाली आणि हुस्ना दोनतीनदा "हां हां" म्हणून गेली.

लायबाच्या घरात दिवा बढत नसे. तिथं लाइट ऑफ व्हायची. आजोबा तिनं फोटोत बघितलेले. दुकान रोज फुप्पीच बंद करायची, कुणाला सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. पोरीनं विचार केला : पैजेचा निकाल जवळ आलाय, फुप्पीला आपला टँक चमकवायचा आहे. तिनं जुन्या मालातून शंभरचे दोन बल्ब काढले आणि चाळीसच्या जागी टोपीत लावले. बोर्डात जागा नव्हती, म्हणून त्या टँकमध्ये हवा सोडणाऱ्या पंपाची पिन काढून तिथं दुसऱ्या बल्बची खोचली. न्याय म्हणून बापाच्या पट्टीचं बटणही शेवटापर्यंत फिरवलं. दुकान कसं वाढवायचं ते तिला नीटसं कळलं नाही. तिनं चारपाच रिकामे बाउल दर्शनी फळीवर मांडले, दुकान जरा मोठं दिसायला लागलं. मग शटर ओढून ती घरी गेली.

सकाळी हुस्ना पेटी घेऊन रिक्षातून उतरली तेव्हा दुकानापुढं माणसं होती. लायबा पायरीवर डोळे सुजवून बसलेली. गुणाबाई स्टुलावर. आत मुज्तबा आणि त्याच्याबरोबर सुतार संगप्पा, हातात मापाची टेप.

पिवळ्या टँकच्या पाण्यावर सहासात मासे आडवे तरंगत होते. उरलेले वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. हुस्नानं पाण्यात बोट घातलं. न्हायला काढतात तसलं पाणी. तिनं आधी बल्ब काढले, पंपाची पिन खोचली, गार पाणी थोडं थोडं सोडलं. बुडबुडे उठले. मग ती वळली.

"तुम्हीच म्हणालात वाढव," लायबा म्हणाली. "मी शंभरचे लावले. मी विचारलं पण होतं, किती वाढवू. तुम्ही हां हां म्हणालात."

 गुणाबाईनं कपाळाला हात लावला. "आगं माजे बाई. वाढव म्हंजी मालव गं. तुमी क्लासात काय शिकता?"

"हे सिलॅबसला नाही आजी."

बाहेर कुणीतरी हसलं. मुज्तबाही ओठ आवळून उभा होता. तो त्याच घरात वाढलेला, तोच आवाज ऐकून झोपलेला. त्याला पहिल्याच शब्दाला कळलं होतं.

"आपा, हल्ली असं कोण बोलतं?"

"अब्बा बोलायचे."

"अब्बांनी माशांच्या डोक्यावर शंभरचे दोन बल्ब लटकवले नसते." त्यानं पांढऱ्या टँकवर हात ठेवला. "पोरीची चूक आहे, कबूल. पण चूक तिनं दोन्हीकडं केली. माझाही दिवा रात्रभर फुल होता. हात घाल, पाणी गार आहे. एक मासा मेला नाही. चुकीतही जो मारत नाही तो दिवा चांगला, की नाही? सांग ना. गिऱ्हाइकाच्या घरी असलीच पोरं असतात."

हुस्नानं जाळी घेतली आणि मेलेले मासे एकेक करून काढले. त्याचं म्हणणं खरं होतं. पंप काढला नसता तर बरेच वाचले असते, हेही खरं होतं, पण ते सांगून ती आता अडून बसणार नव्हती. संगप्पानं टेपचं टोक भिंतीला लावलं आणि दर्शनी फळीवरचे ते रिकामे बाउल बाजूला सरकवले.

"संगप्पा, हात काढा."

संगप्पानं मुज्तबाकडं बघितलं. टेप आपोआप गुंडाळत परत गेली.

"तुझा दिवा सरस आहे," हुस्ना म्हणाली.

मुज्तबाला वाटलं, चेष्टा चालली आहे.

"खरंच सांगते. पेपर सुरू व्हायच्या आधीच मला कळलं होतं. माशांना रोग लागला होता, तो तुझ्या उजेडात दिसला. माझ्या बल्बखाली दिसला नसता, दोन्ही टँक गेले असते. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं की तू टेप घेऊन आला असतास. बघ, आलासच. सगळ्या टँकांना तुझ्या पट्ट्या लाव. एक बल्ब राहील, आजारी माशांच्या उबेला. आणि गुणाबाईंना बघायला."

"म्हणजे मी जिंकलो." तो अजून खात्री करून घेत होता. "मग शब्दाला जाग. मासे मागं."

"मासे कुठंही जाणार नाहीत."

"आपा, पैज होती."

"दिव्याची होती. दिवा जिंकलास, घेऊन जा. दुकान पैजेला कुणी लावलं? तू लावलंस. जे एकट्याचं नाही ते पैजेला लावता येत नाही, मुज्तबा."

बाहेरची माणसं पायरीजवळ सरकली. लायबानं नाक पुसायचं थांबवलं. मुज्तबानं आवाज खाली आणला, घरातलं बोलणं घरात राहावं तसा. "लोक ऐकताहेत, आपा. आत चल. असलं काही तू आजवर बोलली नाहीस. सगळी गल्ली तुझं नाव काढते."

"काढते. माझ्या गप्प राहण्याचं नाव काढते. मी मागत नव्हते, ते तू माफ केलं असं समजलास. मी कधीही, कुणासमोरही माफ केलेलं नाही. तुझ्या निकाहात नाही, अब्बांच्या चाळिसाव्याला नाही. आठवून बघ."

मुज्तबा आठवत होता. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"ईदेला बोलावलंस तर शीरखुर्मा प्यायला येईन," ती म्हणाली. "नाही बोलावलंस तर त्या दिवशीही शटर उघडीन. पण आज लायबासमोर, संगप्पांसमोर, ह्या सगळ्यांसमोर सांगते. अब्बांच्या मागं आपण दोघंच. शरियतप्रमाणे दोन वाटे तुझे, एक माझा. तो मला पाहिजे. आणि तो मागच्या खोलीत नको, हा इथं पाहिजे, रस्त्याला लागून."